आत्याबाईच्या मिशा आणि रशियाचें सिंहासन

इतिहासाच्या चर्चेंत कोणीं ‘जर’ हा शब्द उच्चारला, कीं मराठी माणसाच्या ओठांवर एक म्हण आपोआप येते. आत्याबाईला मिशा असत्या, तर तिला काका म्हटलें असतें! म्हण मोठी सोयीची आहे. ती एकदां फेकली, कीं समोरच्याचें तोंड बंद होतें आणि आपले विचार करण्याचे श्रम वांचतात. झालें तें झालें, न झालेल्याची चर्चा रिकामटेकड्यांनीं करावी, असा तिचा भावार्थ. आम्हां अध्यापकांपैकीं पुष्कळजण हीच म्हण संस्कृतप्रचुर भाषेंत सांगून तिला शास्त्राची प्रतिष्ठा देतात. आमचा पक्ष थोडा निराळा आहे. जें घडलें त्याचें वजन कळावयाचें, तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत जें घडूं शकलें असतें तें टाकावेंच लागतें. आणि ज्या प्रसंगाविषयीं आम्ही येथें लिहिणार आहों, त्यांत तर एका अफाट साम्राज्याचें भवितव्य खरोखरच आत्याबाईच्या मिशांवर लोंबकळत होतें.

प्रसंग इ. स. १९०० च्या हिवाळ्याच्या तोंडचा. रशियाचा झार दुसरा निकोलस क्रिमियांतील लिव्हाडिया येथील राजवाड्यांत विषमज्वरानें अंथरुणाला खिळला होता. वय अवघें ३२ वर्षांचें. महाराणी अलेक्झांड्रा गर्भवती होती. तरी तिनें पतीची शुश्रूषा दुसऱ्या कोणाच्या हातीं जाऊं दिली नाहीं. त्यांना तीन अपत्यें होतीं, आणि तीन्ही मुलीच. थोरली ओल्गा पांच वर्षांची. झाराचा धाकटा भाऊ जॉर्ज क्षयानें आदल्याच वर्षीं वारला होता. त्यामुळें आतां त्याच्याहून धाकटा, बाविशीच्या उंबरठ्यावरचा मायकेल हा कायद्यानें वारस ठरत होता. जवळच यॉल्टा येथें मंत्रिमंडळी जमली आणि प्रश्न निघाला: महाराजांचें कांहीं बरेंवाईट झालें तर? अर्थमंत्री विटे यानें पुढें आपल्या आठवणींत ही हकीकत लिहून ठेविली आहे. त्याचें म्हणणें सरळ होतें. कायदा स्पष्ट आहे, मायकेलच तत्काळ गादीवर बसला पाहिजे. राणी गरोदर आहे आणि तिला कदाचित् मुलगा होईल, हा मुद्दा पुढें आला. तेव्हां अशा प्रसंगाची तरतूद कायद्यांत नाहीं, असें त्यानें सांगितलें. थोरल्या राजकन्येस वारस ठरवितां येईल कीं काय, ही कुजबूजही त्या काळीं दरबाराच्या आसपास झाली. पण ती कुजबुजीच्या पुढें गेली नाहीं. झार बरा झाला. पुढच्या जून महिन्यांत राणी प्रसूत झाली, आणि चौथीही मुलगीच झाली.

ओल्गाचा मार्ग ज्यानें अडविला तो कायदा फार जुना होता असें नाहीं. तो झार पॉल यानें १७९७ सालीं आपल्या राज्याभिषेकाच्या दिवशीं जाहीर केला होता. त्याच्या आधींचें शतक तर रशियांत बायकांचेंच होतें. पीटर दि ग्रेट यानें १७२२ सालीं असा नियम केला, कीं राजानें आपल्या मर्जीस येईल तो वारस नेमावा. आणि १७२५ सालीं तो स्वतः कोणासही न नेमतां मरण पावला. तेथून १७९६ पर्यंतच्या ७१ वर्षांत पहिली कॅथेराइन, ॲना, एलिझाबेथ आणि दुसरी कॅथेराइन अशा चौघींनीं मिळून सुमारें ६७ वर्षें राज्य केलें. मधल्या तीन पुरुषांच्या वांट्यास राहिलीं तीं उरलेलीं चार-साडेचार वर्षें. यांतील दुसरी कॅथेराइन म्हणजे पॉलची सख्खी आई. तिनें १७६२ सालीं नवऱ्यास पदच्युत करून राज्य घेतलें, आणि मुलास, तो वयांत आल्यावरही, एकंदर चौतीस वर्षें दाराबाहेर उभें ठेविलें. तिच्या मागें गादीवर बसतांच मुलानें जो कायदा केला, त्यांत वंशांतील शेवटचा पुरुष संपेपर्यंत स्त्रीचें नांव येऊं नये अशी व्यवस्था होती. मजकूर वारसाहक्काचा खरा, पण त्यांतील शाई एका दुखावलेल्या मुलाच्या मनांतून आलेली आहे, असें आम्हांस तो आठवतांना नेहमीं वाटतें. आईवरचा राग शंभर वर्षांनंतर एका पांच वर्षांच्या मुलीस भोंवला.

नुसता तिलाच भोंवला असता, तर इतिहासानें त्याची दखल कशाला घेतली असती? पण एका कायद्यानें एका घराचें सारें वातावरण कसें विषारी होतें, हें येथें पाहावयास मिळतें. राजघराण्यांत मूल जन्मलें, कीं राजधानींत तोफा होत. मुलगी असली कीं १०१, मुलगा असला कीं त्याच्या जवळजवळ तिप्पट. १८९५, १८९७, १८९९ आणि १९०१ अशीं चार वेळां लोकांनीं तोफा मोजल्या, आणि चार वेळां त्या एकशें एकावर थांबल्या. ती नंतरची शांतता राणीच्या कानांत किती मोठ्यानें वाजली असेल! मग मुलासाठीं नवससायास सुरू झाले. लिआँ शहरचा फिलिप नांवाचा एक सिद्धाईचा दावा सांगणारा गृहस्थ दरबारीं शिरला. १९०२ सालीं राणीस दिवस गेल्याची समजूत झाली, आणि कित्येक महिन्यांनीं ती खोटी ठरली. १९०३ सालीं सारोव्ह येथें साधु सेराफिम यास संतपद देण्याचा सोहळा झाला. तेथील पवित्र झऱ्यांत राणीनें रात्रीं स्नान केलें. १९०४ च्या ऑगस्टमध्यें अखेर मुलगा झाला. तोफा १०१ च्या पुढें वाजत राहिल्या. आणि कांहीं आठवड्यांतच त्या बाळाच्या बेंबींतून रक्त वाहूं लागलें, तें लवकर थांबेना.

अलेक्झांड्रा ही इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची दौहित्री. व्हिक्टोरियाच्या कांहीं लेकी-नातींकडून रक्त न गोठण्याचा तो रोग युरोपच्या निरनिराळ्या राजवाड्यांत गेला. अलेक्झांड्राचा स्वतःचा एक भाऊ बालपणींच त्यानें गेला होता. बायका हा रोग वाहतात; भोगावा लागतो तो बहुधा मुलांना. २००९ सालीं राजकुटुंबाच्या अस्थींच्या परीक्षणावरून हा हिमोफिलियाचा ‘बी’ प्रकार असल्याचें शास्त्रज्ञांनीं निश्चित केलें. म्हणजे ज्या कायद्याला केवळ पुत्रच हवा होता, त्या कायद्यानें चार निकोप मुली बाजूला सारून एक असा वारस निवडला, कीं ज्याचें प्रत्येक पडणें-झडणें हें राजकारण होऊन बसलें. या मुलाच्या वेदना शमविणारा म्हणून रास्पुटिन राजवाड्यांत आला, आणि त्याच्यामागून बदनामी आली.

येथपर्यंत इतिहास. आतां त्या म्हणीला क्षणभर बाजूस ठेवून आपण दुसरें पारडें भरूं. अशी कल्पना करूं, कीं १९०० च्या त्या आजारांत निकोलसानें पॉलचा कायदा फिरविला, ओल्गास वारस नेमिलें आणि प्राण सोडला. हें सोपें नव्हतें. वारस वयांत येतांना हाच कायदा पाळण्याची शपथ घेत असे, आणि निकोलसानेंही ती घेतली होती. पण एका झाराच्या लेखणीनें झालेलें दुसऱ्या झाराची लेखणी पुसूं शकते, हें एकतंत्री राज्याचें तत्त्वच आहे. तेव्हां पांच वर्षांची ओल्गा ‘सर्व रशियाची सम्राज्ञी’ झाली असें धरून चालूं. रशियाच्या कायद्याप्रमाणें राजा सोळाव्या वर्षीं वयांत येई. म्हणजे १९११ च्या नोव्हेंबरपर्यंत कारभार दुसऱ्याच्या हातीं. राजानें कोणास नेमिलें नसेल तर हा अधिकार अल्पवयी वारसाच्या हयात असलेल्या आईबापांकडे जाई, आणि साहाय्यास सहा जणांचें मंडळ असे. थोडक्यांत, गादीवर पांच वर्षांची मुलगी, आणि गादीमागें अठ्ठावीस वर्षांची, परक्या देशांतून आलेली, लाजाळू, दरबारास अप्रिय असलेली तिची आई.

अशा स्थितींत काय होतें, याचे दाखले युरोपांत होतेच. स्पेनच्या सातव्या फर्डिनंडानें १८३० सालीं कायदा बदलून मुलीस वारस केलें. १८३३ सालीं तो वारला तेव्हां इसाबेला तीन वर्षांचीही नव्हती. तिचा चुलता कार्लोस यानें तिला राणी मानण्याचें नाकारलें आणि सात वर्षें देशांत यादवी युद्ध पेटलें. तेराव्या वर्षीं तिला सज्ञान ठरविण्यांत आलें, सोळाव्या वर्षीं चुलतभावाशीं लग्न लावण्यांत आलें, आणि १८६८ सालीं तिला देशाबाहेर जावें लागलें. याच्या उलट हॉलंड. तेथें १८९० सालीं विल्हेल्मिना दहा वर्षांची असतांना राणी झाली. तिच्या आईनें आठ वर्षें कारभार शांतपणें पाहिला, आणि मुलगी पुढें १९४८ पर्यंत राज्यपदावर राहिली. दोघीही मुलीच, दोघींच्याही आयाच पालक. मग फरक कशांत होता? हॉलंडांत मंत्री लोकसभेस जबाबदार होते, राणी ही राज्याची खूण होती. स्पेनमध्यें राणी ज्याच्या हातीं त्याच्या हातीं राज्य, म्हणून तिच्यासाठीं झोंबाझोंबी झाली. व्हिक्टोरिया स्वतः अठराव्या वर्षीं राणी झाली ती याच विहिल्या संस्थांच्या आधारावर. आणि तिच्याच राज्यारोहणाच्या दिवशीं हॅनोव्हरचें राज्य मात्र तेथील कायद्यानें तिच्या चुलत्याकडे गेलें. एकाच मुलीला एका देशानें मुकुट दिला आणि दुसऱ्यानें नाकारला. तिच्या गुणदोषांचा दोन्हींकडे कांहींच संबंध नव्हता.

रशिया या दोहोंपैकीं कोणासारखा? १९०० सालीं तेथें ना लोकसभा, ना जबाबदार मंत्रिमंडळ. झाराच्या काकांची आणि चुलतभावांची भलीमोठी फौज मात्र होती, आणि राजधानींत पलटणी होत्या. अठराव्या शतकांत गादीवर कोणीं बसावें हें याच पलटणींनीं अनेकदां ठरविलें होतें. बालराजांचा रशियाचा अनुभव तर अंगावर कांटा आणणारा आहे. सहावा इव्हान १७४० सालीं दोन महिन्यांचा असतांना सम्राट झाला. त्याच्या आईकडे कारभार होता. वर्ष उलटून कांहीं दिवस जातात न जातात तोंच एलिझाबेथनें पलटणी घेऊन एका रात्रींत दोघांनाही उचललें. इव्हान उरलेला जन्म कैदेंत राहिला आणि १७६४ सालीं, वयाच्या २३ व्या वर्षीं, किल्ल्यांतील कोठडींत पहारेकऱ्यांकडून मारला गेला. ओल्गाच्या बाबतींत याची पुनरावृत्ति झाली नसती, असें छातीला हात लावून कोण सांगेल? मायकेल स्वभावानें राज्यलोभी नव्हता हें खरें. पण त्याच्या नांवानें बंड करणाऱ्यांनीं त्याची संमति विचारलीच असती असें नाहीं.

तरीही ही कल्पना सर्वस्वीं अंधाराची नाहीं. विटेसारखा कर्तबगार मंत्री त्या सहांच्या मंडळांत वजन राखून राहिला असता, तर कोरियाच्या सरहद्दीवरील लांकूडतोडीच्या मक्त्यासारख्या साहसांस त्यानें अधिक जोरानें विरोध केला असता. प्रत्यक्षांत १९०३ सालीं निकोलसानें त्यास अर्थखात्यांतून दूर केलें, आणि १९०४ सालीं जपानशीं युद्ध जुंपलें. बाल राणीच्या राज्यांत युद्ध टाळण्याकडे पालकांचा स्वाभाविक कल असतो. युद्ध टळतें, तर १९०५ चा पराभव आणि त्या वर्षींच्या जानेवारींत हिवाळी राजवाड्यासमोर सांडलेलें रक्त, या गोष्टी त्याच रूपांत घडल्या नसत्या. अलेक्सी जन्मलाच नसता. म्हणून रास्पुटिनही राजवाड्याच्या दारांत उभा राहिला नसता.

परंतु येथेंच आम्ही स्वतःस आवरतों. जर-तरचा मोह असा, कीं त्यांत नको तेवढें गाळतां येतें आणि हवें तेवढें ठेवतां येतें. राणी पालक झाली असती, तर तिची मतें कोठें गेलीं असतीं? राजसत्ता अखंड राखून ती मुलाच्या हातीं देणें हें तिनें पुढें जन्माचें व्रत मानलें. मुलीसाठीं तिनें तें कमी निष्ठेनें पाळलें असतें असें मानण्यास आधार नाहीं. १९०५ च्या ऑक्टोबरांत निकोलसानें नाइलाजानें कां होईना लोकसभेचें वचन दिलें. ‘मुलीची ठेव’ म्हणून राज्य सांभाळणाऱ्या आईनें तेवढेंही दिलें असतें काय? शेतकऱ्यांची जमिनीची भूक, कारखान्यांतील दैन्य, १९१४ मध्यें युरोपास गिळणारें युद्ध, यांपैकीं एकही गोष्ट गादीवर मुलगा आहे कीं मुलगी, याची वाट पाहात थांबलेली नव्हती. तात्पर्य, ओल्गा रशियास वांचविती, असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. तिला दोष न देतां राज्य बुडालें असतें, एवढेंच फार तर म्हणतां येईल.

आणि राज्य बुडालें तें कसें? १९१७ सालीं मार्चच्या ८ तारखेस, जागतिक महिलादिनीं, पेट्रोग्राडच्या कापडगिरण्यांतील बायका काम टाकून रस्त्यावर आल्या. त्यांची मागणी भाकरीची होती. त्यांच्यामागून इतर कामगार आले, मग सैनिक फिरले. आठवड्यांत झारानें स्वतःच्या आणि मुलाच्याही वतीनें राज्यत्याग केला. सिंहासन अखेर त्याच मायकेलकडे आलें, ज्याच्यासाठीं १९०० सालीं कायदा एवढा अडून बसला होता. त्यानें दुसऱ्याच दिवशीं, लोकनियुक्त सभा देईल तरच स्वीकारीन, असें सांगून तें नाकारलें. एकशें वीस वर्षें स्त्रियांना ज्या गादीजवळ येऊं दिलें नाहीं, ती स्त्रियांच्याच आरोळीनें हादरली, आणि पुरुष वारस ती घेण्यास तयार होईना! पॉलच्या कायद्यावर याहून कडवट भाष्य कोणा टीकाकारास सुचलें नसतें.

एकदां वर्गांत आम्ही हें सर्व सांगत होतों. पांढऱ्या पोषाखांतील त्या चौघी बहिणींचें छायाचित्र हातोहात फिरत होतें. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीनें तें बराच वेळ न्याहाळलें आणि विचारलें, “सर, राज्य तिला द्यावें कीं न द्यावें याची चर्चा इतक्यांनीं केली. तिला तें हवें होतें का?” प्रश्न साधा होता, पण त्यानें आमच्या तराजूची दोन्ही पारडीं हलविलीं. पॉलनें तिला विचारलें नव्हतें, विटेनें नव्हतें. आणि जर-तरचा डाव मांडणारे आपणही तिला विचारीत नाहीं. आपण तिला प्यादें म्हणून उचलतों आणि वजीर करून ठेवतों. हलविणारा हात आपलाच राहतो.

पांच वर्षांच्या मुलीस काय हवें होतें तें सांगतां येणार नाहीं. पण अठरा वर्षांच्या ओल्गाचें उत्तर आपणांस ठाऊक आहे. १९१४ सालीं तिचें लग्न रुमानियाच्या राजपुत्र कॅरोलशीं व्हावें असें घाटत होतें. जूनमध्यें सारें कुटुंब जहाजानें कॉन्स्टान्झा बंदरास जाऊन आलें. तिचे शिक्षक गिलियार्ड यांनीं लिहिलें आहे, कीं आईबापांनीं तिच्यावर बळजबरी करावयाची नाहीं असें ठरविलें होतें. आणि रशिया सोडून जाण्यास तिनें स्वच्छ नकार दिला. आपण रशियन आहोंत आणि रशियनच राहणार, हा तिचा आग्रह होता. दोन महिन्यांच्या आंत महायुद्ध सुरू झालें. ती आई आणि बहीण टाटियाना यांच्यासह परिचारिकेचें शिक्षण घेऊन जखमी शिपायांच्या शुश्रूषेस लागली. कॅरोल पुढें १९३० सालीं राजा झाला, दहा वर्षांनीं त्यालाही देश सोडावा लागला, पण तो १९५३ पर्यंत जगला. ओल्गा १९१८ च्या जुलैंत, १७ तारखेच्या पहाटेपूर्वीं, एकाटेरिनबर्ग येथील एका घराच्या तळघरांत आईबाप आणि भावंडांसह गोळ्यांना बळी पडली. तेव्हां ती २२ वर्षांची होती.

या सबंध हकीकतींत अनेक ‘जर’ आहेत, पण तिच्या स्वतःच्या हातांतला एवढा एकच होता. परक्या देशाचा मुकुट घेऊन ती वांचली असती. तो नाकारून ती आपल्या देशांत राहिली आणि मेली. पुढें काय वाढून ठेविलें आहे हें तिला दिसत नव्हतें, म्हणून या नकाराला हौतात्म्याचा रंग देणें योग्य होणार नाहीं. पण तिच्याविषयीं इतरांनीं केलेल्या साऱ्या निर्णयांच्या गर्दींत तो निर्णय तिचा आहे, आणि म्हणून तिला सम्राज्ञी कल्पिण्यापेक्षां तेथें तिला भेटणें आम्हांस अधिक आवडतें. वर्गांतील त्या मुलीस आम्हीं त्या दिवशीं हेंच सांगितलें. तिनें छायाचित्र पुन्हां एकदां पाहिलें, त्यांतील थोरल्या बहिणीवर बोट ठेविलें, आणि “ही ना?” एवढेंच विचारून तें पुढच्या बाकावर दिलें.